तिवसाच्या काठ्या आणि कॅडींची शेड

रविवार, १४ डिसेंबर २००३. पहाटे धुकं, नंतर स्वच्छ ऊन. हजर: क्लबचे अध्यक्ष दामलेसाहेब; कमिटीतले सगळे (हे प्रथमच); मुंबईहून कामतबाई आणि त्यांच्याबरोबर मिनीबसभर पाहुणे; कॅडींचे मुकादम गोविंद वेखंडे आणि पळसपाड्याचे झाडून सगळे कॅडी; धसईचे नाना सुतार, अंगात लग्नातला कोट; ठकीबाय, हातात स्वतःची काठी; आणि निमंत्रण नसताना आलेली एक म्हैस, जिला तिसऱ्या होलवरून हलवण्यात कमिटीचा बराच वेळ गेला. गैरहजर: वीज.

क्लबच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. मधल्या बढत्यांची हकिगत सांगण्यासारखी नाही. पण कुठलाही कार्यक्रम असला की आधी हजेरी मांडायची ही सवय हाडीमाशी खिळली, म्हणून सुरुवात तिथूनच केली. त्या रविवारी आमची एक शेड राहणार की पडणार हे ठरायचं होतं. आणि ते ठरणार होतं काठ्यांवर.

शहापूर-मुरबाडच्या हद्दीवर गोल्फ क्लब आहे, हे शहापुरातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. आसनगाव स्टेशनवरचे रिक्षावाले विचारायचे, “त्यो गोट्यांचा ग्राउंड काय?” मी म्हणायची, “हो, तोच. चला.” धरण बांधायला आलेल्या इंग्रज इंजिनिअरांनी भिंतीखालच्या माळावर हौसेनं नऊ होल आखले, एक कौलारू क्लबहाऊस बांधलं आणि काम संपल्यावर ते निघून गेले. पुढे पाटबंधाऱ्याचे साहेब खेळले, मग मुरबाडच्या कारखान्यांतले मॅनेजर, मग कल्याणचे डॉक्टर आणि बिल्डर. माळ तोच राहिला. पिशव्या उचलणारी शेजारच्या पळसपाड्यातली घरंही तीच राहिली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लांब काठीनं छोटा पांढरा चेंडू मारत मारत दूरच्या खड्ड्यात, म्हणजे होलमध्ये, घालायचा. कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. लांब पाठवायला एक काठी, उंच उडवायला दुसरी, खड्ड्याजवळ हलकेच ढकलायला तिसरी, अशी पिशवीभर काठ्या लागतात. ती जड पिशवी घेऊन बरोबर चालणारा माणूस म्हणजे कॅडी. बाकी सगळ्या क्लबांत खड्ड्याभोवती मऊ हिरवळ ठेवतात. आमच्याकडे ती कधीच नव्हती. धरण उशाशी असलं तरी त्यातलं पाणी मुंबईचं. म्हणून आम्ही खड्ड्याभोवती वाळू पसरून तिच्यात गाड्यांचं जळकं तेल मुरवायचो. हिला ब्राउन म्हणतात. ब्राउनवर पाय उमटतात, म्हणून चेंडू ढकलण्याआधी कॅडी त्यावरून गोणपाट ओढतो आणि खड्ड्यापर्यंतची वाट सपाट करून देतो. मुंबईचा पाहुणा पहिल्यांदा हे बघून हसतो. दुसऱ्यांदा गोणपाट मागतो.

जुन्या वस्तू जपायच्या कामाला मी लागले त्याला कारण कामतबाई. वय साठीच्या पुढचं, केस बारीक कापलेले, आवाज माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या एकदा आमच्याकडे पाहुण्या म्हणून खेळायला आल्या. चहा पिताना त्यांचं लक्ष ऑफिसच्या खिडकीकडे गेलं. झडप मिटू नये म्हणून तिला एक जुनी काठी टेकवलेली असायची.

“अहो बाई, ही खिडकीला?”

“ती मोडकी आहे. चांगल्या हव्या असतील तर माळ्यावर आहेत.”

त्यांनी चहा तसाच ठेवला. माळ्यावरून मी आणि गोविंदा मुकादमानं कोळिष्टकांसकट एक एक काठी खाली दिली आणि त्या ती रुमालानं पुसून खुर्चीवर आडवी ठेवत गेल्या. त्यांनी मला समजावलं, की पोलादी दांडे येण्याआधी गोल्फच्या काठ्यांचे दांडे हिकरी नावाच्या विलायती लाकडाचे असायचे, लोखंडी टोक लोहार हातानं घडवायचा आणि तेव्हा काठ्यांना नंबर नसून नावं असायची. आमच्या कॅडींनी तर त्यांना स्वतःची नावं दिली होती: वाळूतून चेंडू उचलणारी ती पळी, पातळ धारेची ती कोयता, ब्राउनवर ढकलायची ती थापी. कामतबाईंना ही नावं इतकी आवडली की त्यांनी ती हातावर पेनानं लिहून नेली. जाताना म्हणाल्या, “मुंबईत आम्ही काही वेडे लोक वर्षातून एकदा अशा काठ्यांनी खेळतो. तुमच्या नीट झाल्या तर इथे येऊ.”

मी कामाला लागले. अशा कामात पहिली पायरी म्हणजे आहे ते मोजणं, दुसरी म्हणजे बाहेर गेलेलं परत आणणं. धसईच्या आठवडे बाजारात मी पाटी लावली: ‘गोल्फ क्लबच्या जुन्या वस्तू असल्यास कळवाव्यात.’ ‘गोल्फ क्लबच्या’ हे शब्द कुणी वाचले नाहीत. लोकांनी कंदील आणले, पितळी नळ आणला, नांगराचा फाळ आणला. एकानं सासऱ्याची कवळी दाखवली आणि साहेबाची असावी असं ठासून सांगितलं. पण त्यांतच खरं घबाडही आलं. एक चषक एका घरात भात मोजायला होता. त्याचा एकही कान शाबूत नव्हता, पण माप चोख. दोन काठ्या आंबे पाडायच्या झेल्याला बांधलेल्या होत्या.

आणि एक काठी ठकीबायकडे होती. पळसपाड्याच्या टोकाला एकटी राहणारी, पाठीत वाकलेली, जिभेनं ताठ म्हातारी. तिचा नवरा कॅडी होता. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबानं त्याला ती काठी दिली होती. दाराला अडसर म्हणून ती लावलेली होती.

“बाय, ही काठी क्लबात ठेवू या. काचेच्या कपाटात. वर तुमच्या घरधन्याचं नाव.”

“काचंत ती काय करल?”

“लोक बघतील.”

“बघतील.” ती हसली. “माझ्या माणसानं हिच्यानं खळ्यावर घोणस मारला. पायाशी व्हता. तुमी ही नेशाल नि परत घोणस आला, तं रातच्याला येशाल काय गो मारायला?”

“नाही.”

“मंग?”

मी काठी जागच्या जागी लावून दिली. निघताना ती मागून ओरडली, “येक दिवस पायजे तं सांग. पन मी बरोबर येईन. काठी येकली नाय जायाची.” माझ्या यादीत ती अशीच गेली: ‘एक दिवसापुरती. सोबत मालकीण.’

आता शेडचं. क्लबहाऊसच्या मागे दगडी जोत्याची लांब शेड आहे. पाळी येईपर्यंत कॅडी तिथे बसायचे, पिशव्या ठेवायचे, डबे खायचे, पावसाळ्यात जाळी विणायचे. माझा बेत असा होता: अर्ध्या शेडमध्ये जुन्या वस्तूंचं दालन, अर्धी कॅडींना आहे तशी. दामलेसाहेबांचा बेत वेगळा होता. दामलेसाहेब पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, हिशेबी आणि मनानं सरळ गृहस्थ. कल्याणच्या मेंबरांना उन्हाळ्यात थंड खोलीत पत्ते खेळायचे होते. शेड पाडून तिथे तेवढी सोय झाली तर मेंबर टिकतील, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं होतं असं आजही म्हणणार नाही.

“आणि कॅडी कुठे बसतील?” मी विचारलं.

“चिंचेखाली. सावली काय कमी आहे?”

“पावसात?”

“निमसेबाई, पावसात कोण खेळतं? आणि जुन्या काठ्या बघायला शहापूरला कोण येणार आहे, सांगा.”

“बघायला नाही येणार. खेळायला येतील.”

कमिटीत बरीच वादावादी झाली. शेवटी दामलेसाहेबांनीच तोडगा काढला. डिसेंबरात क्लबचा वर्धापनदिन. त्या दिवशी जुन्या काठ्यांचा सामना होऊन दाखवावा. झाला आणि पाहुणे परत यायला तयार झाले, तर शेड दालनाला आणि कॅडींना. नाही तर नाताळनंतर कंत्राटदार. मी ठराव टाइप केला, सही घेतली आणि एक प्रत शेडच्या दाराला चिकटवली. कॅडींपैकी वाचता येणाऱ्यांनी इतरांना वाचून दाखवली. त्या दिवसापासून शेडमध्ये माझ्यासाठी चहा आधी ओतला जाऊ लागला.

सप्टेंबरपर्यंत सगळं माझ्या यादीबरहुकूम चाललं होतं. मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. कोयते, विळे, कुदळी घासूनपुसून हळदकुंकू लावून मांडतात. क्लबातही माळ्याची कात्री आणि गवत कापायचं मशीन पूजेला असायचं. त्या वर्षी मी दसऱ्याच्या सुट्टीसाठी माहेरी गेले होते. परत आले तर गोविंदा मुकादम फाटकापाशीच माझी वाट बघत उभा. पन्नाशीचा, काटक, डोक्यावर कायम उलटी टोपी. तोंड उजळलेलं.

“म्याडम, येवा बघाया. तुमी बोलत व्हत्या ना, काठ्यांची डोकी हालतात म्हनून?”

“मग?”

“येकाचा पन डोका हालत नाय आता.”

त्यानं मला शेडमागच्या हौदापाशी नेलं. काठावर सगळ्या जुन्या काठ्या ओळीनं उन्हात टेकवलेल्या होत्या, प्रत्येकीला हळदकुंकू, पाणी पिऊन फुगलेल्या. कुदळीचा दांडा ढिला झाला की आपल्याकडे काय करतात? कुदळ पाण्यात घालतात. लाकूड फुगतं, लोखंड धरतं, सकाळी कामाला तयार. गोविंदानं पूजेआधी हाच उपाय केला होता. आणि मी म्हणाले होते की काठ्या महत्त्वाच्या आहेत, म्हणून कुदळीपेक्षा एक रात्र जास्त ठेवल्या होत्या.

त्या वेळी डोकी खरंच घट्ट होती. मी एक हातात घेऊन हलवली. पण मुठीची कातडी माझ्या हातात सुटून आली. दोन दिवस ऊन खाल्ल्यावर दांडे वाळले आणि वाळताना ज्याला जसं वाटलं तसे वाकले. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. दोरे उलगडले. मग डोकी पुन्हा ढिली झाली आणि या वेळी गळूनच पडली. मी कामतबाईंना फोन केला. त्यांनी आधी किती वेळ भिजल्या ते विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “उन्हातून काढा. सावलीत आडव्या ठेवा. आणि त्या माणसाला रागावू नका.” सावलीत ठेवूनही उपयोग झाला नाही. एक थापी तेवढी बचावली, कारण हौद भरल्यावर तिला जागा उरली नव्हती.

दामलेसाहेब येऊन बघून गेले. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “आता दालन कसलं करणार, निमसेबाई? सरपणाचं?” त्याच आठवड्यात कंत्राटदाराचा माणूस टेप घेऊन शेड मोजून गेला. कॅडी बाहेर उभे राहून बघत होते. कुणी मुकादमाकडे बघितलं नाही, आणि तो दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला.

मी त्याच्या घरी गेले. अंगणात बसून तो विळ्याला धार लावत होता. विळा आधीच लखलखत होता.

“कामाला का येत नाही?”

“कोन्त्या तोंडानं येऊ? आमच्या सगळ्यांची जागा घालवली मी.”

बायको आतून म्हणाली, “तरी मी बोललेली, साहेबाच्या वस्तूला हात लावू नको. पन ह्यांना हुशारी!”

“वहिनी, हुशारी बरोबर होती, लाकूड परकं होतं,” मी म्हटलं. “मुकादम, डोकी शाबूत आहेत. लोखंडाला काही झालेलं नाही. दांडे नवे लागतील. सुतार सांगा.”

त्यानं विळा खाली ठेवला. “धसईचा नाना. कुऱ्हाडीचा दांडा त्याच्यासारका कुनाला नाय जमत. पन तो वाकडा माणूस हाय, म्याडम.”

“दांडे सरळ करू दे. स्वतः वाकडा असला तरी चालेल.”

काठ्यांची डोकी गोणीत भरून आम्ही दोघं एसटीनं धसईला गेलो. नाना सुतार सत्तरीच्या घरातले, कानावर पेन्सिल, तोंडात तंबाखू. त्यांनी गोणी जमिनीवर ओतली, एक डोकं उचलून भोकातून उजेड पाहिला.

“हा कुऱ्हाडीचा नाय. कुदळीचा बी नाय. ह्याच्यानं काय मारता?”

“चेंडू,” मी म्हटलं.

“मोठी मान्सं?”

“हो.”

“पैशे मिळतात मारायचे?”

“नाही. ते देतात.”

नानांनी तंबाखू थुंकली आणि गोविंदाकडे बघून म्हणाले, “आनि तू ह्या मान्सांचा मुकादम?” पण डोकं त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. ठेवलं नाही, तेव्हाच मी यादीत ‘सुतार’ यापुढे खूण केली.

त्यांनी तिवस सुचवलं. तिवसाचं लाकूड आमच्या भागात सगळ्यांना माहीत. चिवट, लवचीक, गाडीला आणि अवजारांना चालणारं. अडचण अशी की ओलं लाकूड कापून दांडा केला तर तोही वाकणार, आणि सुकवायला वेळ नव्हता. नाना म्हणाले, “जुना आना. वीस पावसाळे खाल्लेला.” असं लाकूड कुठे मिळायचं, ते गोविंदाला सुचलं. टेम्पो आल्यापासून पळसपाड्यात आणि आसपासच्या पाड्यांत बैलगाड्या झाडांखाली उलट्या पडून होत्या. त्यानं घरोघर जाऊन मागितल्या. एकानं साटीच्या फळ्या दिल्या, एकानं जू, एकानं अख्खी गाडीच ढकलत आणली. म्हणाला, “बैल नाय ऱ्हायले, आता गाडी तरी खेळू दे.”

पहिला दांडा कुऱ्हाडीसारखा जाड झाला. तपासायला दामलेसाहेबांनाच बोलावलं. त्यांनी चेंडू मारला आणि दोन्ही हात झटकत उभे राहिले. “झिणझिण्या आल्या हो खांद्यापर्यंत! हे काय, पहार आहे?” दुसरा पातळ केला, गोविंदानं मारल्यावर चेंडू जागेवर आणि डोकं नानांच्या टोपीवरून भाताच्या खाचरात. नाना खाली बसले ते बसलेच.

“आरं माझ्या जिवावर उठलास काय?”

“नाना, तुमीच बोलला, जोरात मार.”

“डोका माझा नाय, काठीचा उडव बोललो काय?”

त्या दिवसानंतर नाना स्वतः येऊन खेळ बघायला लागले. चिंचेखाली बसून माणूस काठी कशी उचलतो, कुठे लवते, कुठे जोर येतो, ते तासन्‌तास बघायचे. मग घरी जाऊन काचेच्या तुकड्यानं दांडा खरवडायचे. डोक्याजवळ बारीक, मुठीकडे भरदार. खिळा आरपार आणि वर चपला शिवायच्या मेणदोऱ्याचे घट्ट वेढे. दिवाळी झाली, भातकापणी झाली. एका सकाळी दामलेसाहेबांनी ‘कोयता’ घेऊन चेंडू मारला. चेंडू नाल्यापलीकडे गेला. त्यांनी लगेच वाकून दुसरा चेंडू ठेवला. मग तिसरा. मी ऑफिसात गेले तरी ठोक्यांचा आवाज येत होता.

आठवडाभर आधी कामतबाई तपासणीला आल्या. त्याच्या आदल्या दिवशी दामलेसाहेब माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “निमसेबाई, पाटीवर ‘जुन्या काठ्या’ एवढंच लिहा. दांड्याचं कशाला? विचारलं तर बघू.”

“साहेब, त्या हात लावताच ओळखतील.”

“नाही ओळखलं तर?”

“तर आयुष्यभर आपल्याला भीती, की कधीतरी ओळखतील. मी खरं तेच लिहिणार.”

ते निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं मी शेड स्वतःच्या हातानं पाडत होते, आणि त्या रात्री मलाही तसंच वाटलं.

कामतबाईंनी काठी हातात घेतली, दांड्यावरून अंगठा फिरवला. गोविंदा माझ्या मागे उभा होता.

“हे हिकरी नाही.”

“नाही,” मी म्हटलं. “हिकरी पाण्यात खराब झाली. हे तिवस आहे. पळसपाड्यातल्या बैलगाडीचं. दांडा धसईला झाला.”

“पाटीवर असंच लिहिणार?”

“लिहून झालंय.” मी पाटी दाखवली.

त्यांनी ती शांतपणे वाचली. मग मैदानावर जाऊन एक चेंडू मारला. चेंडू सरळ, उंच, बरोब्बर ब्राउनच्या कडेला. त्यांचा तो आवाज माळाच्या टोकाला पोचला: “माझ्याकडे घरी काचेमागे भिंतभर काठ्या आहेत हो! एकीला हात लावायची हिंमत होत नाही मला. ही मी घेऊन खेळणार!” मग गोविंदाकडे वळून म्हणाल्या, “मुकादम, तुम्ही माझे जोडीदार. मिनीबस भरून आणते.”

आणि आणली. सामन्यासाठी काठ्या कमी, माणसं जास्त, म्हणून मी जोड्या लावल्या: एक पाहुणा किंवा मेंबर, एक कॅडी, दोघांनी आळीपाळीनं एकच चेंडू मारायचा. त्या माळावर मेंबर आणि कॅडी एका बाजूनं खेळण्याचा हा पहिलाच दिवस होता. मी तत्त्व म्हणून केलं नव्हतं, टंचाई म्हणून केलं होतं. पण झालं.

दुपारपर्यंत दोन जोड्या बरोबरीत आल्या. कामतबाई आणि गोविंदा. दामलेसाहेब आणि त्यांचा नेहमीचा कॅडी दगडू. शेवटच्या होलला दामलेसाहेबांचा चेंडू खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि पडला नाही. ठकीबाय तिथेच काठी टेकून उभी होती. “फुक मार, साहेब!” ती ओरडली. साहेबांनी खरंच वाकून बघितलं, आणि सगळा माळ हसला.

आता गोविंदाची पाळी. त्यानं चेंडू ढकलून घातला की जिंकले. हातात ती हौदातून वाचलेली थापी. तो पुढे झाला, चेंडूपाशी उभा राहिला, आणि एकदम काठी खाली ठेवून गोणपाट शोधायला गेला.

कामतबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही आज खेळाडू आहात! दुसरा कुणी ओढेल.”

“नाय बाई. दुसऱ्यानं ओढलेल्या ब्राउनवर माझा भरोसा नाय.”

त्यानं सावकाश, नेहमीच्याच चालीनं, खड्ड्यापर्यंतची वाट सपाट केली. गोणपाट झटकून घडी घालून कडेला ठेवलं. मग थापी उचलली आणि चेंडू घातला.

गलका असा झाला की म्हैस परत आली. नाना सुतारांनी कोट काढून हवेत फिरवला. दामलेसाहेब गोविंदाकडे गेले, हात मिळवला आणि तिथेच, ब्राउनच्या कडेला, ठरावासाठी कमिटीची माणसं मोजली. सगळे हजर होते.

“पुढच्या वर्षी परत खेळायचं,” ते म्हणाले. “ह्या बाईंना आणि ह्या मुकादमाला मी असं सोडणार नाही. कंत्राटदाराला कळवा, पत्त्यांचं बघू दुसरीकडे. माझा कोयता शेडमध्येच टांगा.”

कामतबाईंनी पुढच्या डिसेंबरचा रविवार तिथल्या तिथे मागून घेतला.  कॅडी उठले आणि शेडमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर दरवर्षी सामना होतो. हायवेवरची हॉटेलं पाहुणे पाठवतात, शाळांच्या सहली येतात, मुलं ‘पळी’ हातात घेऊन बघतात. पत्त्यांची सोय क्लबहाऊसच्या ओसरीवर झाली. तिथे वारा इतका येतो की पत्ते उडतात, पण तो माझा विषय नाही. ठकीबाय होती तोवर दर सामन्याला काठी घेऊन आली आणि घेऊन गेली. आता बाहेरगावी राहणारी तिची सून आणते.

दालनात एक वाकडी हिकरी मी तशीच ठेवली. तिच्याखालची पाटी लिहिताना मी शब्द जपून वापरले होते: ‘खंडेनवमीला पाण्यात भिजल्याने वाकलेली.’ गोविंदानं ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि माझ्याकडे आला. मला वाटलं, काढा म्हणणार.

“म्याडम, कोनी भिजवली ते लिवा.”

“कशाला, मुकादम? झालं गेलं.”

“लिवा. गोविंद वेखंडे. आमच्या चार पिढ्यांनी इथं पिशव्या उचलल्या. भिंतीवर माझा नाव येकदा तरी येऊ दे.”

मी लिहिलं. पण त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये जाऊन भिंतीवरचे सगळे जुने फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येकाखाली पांढऱ्या शाईत साहेबांची पूर्ण नावं, आद्याक्षरांसकट. मागे पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं, आणि शेवटी दोन शब्द: ‘आणि कॅडी’.

मी फोटो मोठे करून घेतले. पिशवीत घालून धसईच्या बाजारात, पाड्यांवर, लग्नांच्या मांडवांत नेले. लोक कानांवरून ओळखतात, उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखतात. एका बाईनं मला विचारलं, “ह्यो माझा बाबा? बाबाचा फोटू व्हता?” तिनं तो फोटो कधी पाहिलाच नव्हता, तिच्या घरात बापाचा एकही फोटो नव्हता. तिला मी एक प्रत दिली. एकेक करत नावं भरत गेली आणि साहेबांच्या नावांशेजारी तशाच अक्षरांत लावली. ठकीबायच्या घरधन्याचंही लागलं.

मी निवृत्त झाले तरी हे काम माझ्याकडेच आहे. सर्वात जुना फोटो, क्लबहाऊसच्या पायऱ्यांवरचा, अजून पुरा झालेला नाही. फोटो निघताना त्यातल्या एकानं मान वळवली, म्हणून त्याचा चेहरा पुसट आला आहे. पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून झालं. राहिलेत कसाऱ्याकडे सोयरिकीनं गेलेल्या दोन घरांतले. फोटो पिशवीत घातला आहे. पाटीवर जागा सोडून ठेवली आहे: मागची रांग, उजवीकडून पहिला. नाव बाकी.